उत्तरेची भिंत

नाना, परवा रविवारी मी एकटी चर्चला जाऊन आले. आपण दोघं नेहमी शनिवारी जायचो. चर्च रिकामं असलं की तुम्हाला बरं वाटायचं, भिंतीशी काम चालू असताना कुणी मध्ये आलेलं तुम्हाला चालत नसे. त्यामुळे त्या बाकांवर माणसं बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मोजली, तर चौदा होती.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सासरे गेले आणि सून रडली नाही, की लोक आपापले अर्थ लावतात. तसं काही नाही. विमान उतरताना कानाला दडे बसतात आणि आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, तसं चाललंय. ऑफिसच्या मीटिंगा करते. डिशवॉशर लावते. गेल्या आठवड्यात फार्मसीतून मेसेज आला, तुमच्या बीपीच्या गोळ्यांचं रिफिल तयार आहे म्हणून. मी गाडी काढली, रांगेत उभी राहिले, गोळ्या घेतल्या, सही केली. पार्किंगमध्ये आल्यावर पिशवीवरचं तुमचं नाव वाचलं. मग घरी आणून त्या नेहमीच्या डब्यात ठेवल्या, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

सासूबाई गेल्यावर निखिलनं तुम्हाला साताऱ्याहून इकडे अमेरिकेत, ट्रॉयला आणलं, तेव्हा तुम्ही तीन महिने खिडकीशी बसून होतात. आयुष्यभर बांधकाम खात्यात ओव्हरसियरकी केलेला माणूस. दगडी पूल, जुनी विश्रामगृहं, नदीकाठचे घाट सांभाळलेला. आमच्या वसाहतीतली लाकडी घरं बघून तुम्ही एकदाच म्हणालात, "मेधा, ही घरं मुठीनं ठोकली तर डब्यासारखी वाजतात." त्यानंतर घर या विषयावर तुम्ही काही बोलला नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आपण ईराला घेऊन हॅलोवीनचा भोपळा आणायला शेतावर निघालो होतो. निखिलची कामाची डेडलाइन होती, म्हणून आपण तिघंच. तासाभरानंतर रस्ता अगदी सरळ झाला. दोन्ही बाजूला कापलेला मका, मध्येच एखादं लाल कोठार. तुम्ही अचानक म्हणालात, "गाडी थांबव." मला वाटलं, तुम्हाला मळमळतंय. तुम्ही दार उघडून शेताच्या कडेनं चालायलाच लागलात. समोर एक बुटका दगडी मनोरा होता, त्याला चिकटून लांबट दगडी इमारत, अर्धगोल कमानींच्या लहान लहान खिडक्या. तुम्ही भिंतीपाशी पोचलात आणि बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा तिच्यावर हात ठेवलात.

ईरा गाडीतून म्हणाली, "मॉम, इज ही ओके?"

मी म्हटलं, "आय थिंक सो."

पलीकडे थडग्यांमधलं गवत कापत एक म्हातारा यंत्रावर बसला होता. त्यानं यंत्र बंद केलं आणि आला. तो वॉल्टर. ऐंशी उलटलेला, दुधाचा धंदा मुलांनी विकल्यावर चर्चची किल्ली सांभाळणारा. त्यानं विचारलं, काही हवंय का. तुम्ही तुमच्या खात्याच्या इंग्रजीत विचारलंत, "सर, हा दगड कुठल्या खाणीचा?"

वॉल्टर म्हणाला, "खाण नाही. शेतातला आहे."

मग त्यानं सांगितलं ते तुम्हाला पुढे तोंडपाठ झालं. हजारो वर्षांपूर्वी बर्फाच्या लाटेनं उत्तरेकडून हे धोंडे ओढत आणले आणि इथे टाकले. जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी नांगर धरला, की दर वसंतात जमिनीतून नवे धोंडे वर यायचे. ते त्यांनी बांधाला रचून ठेवले आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याचंच चर्च बांधलं. प्रत्येक घरानं आपापल्या शेतातले दगड गाडीत घालून आणले. वॉल्टरच्या पणजोबांचा दगड गुलाबी आहे, दारापासून तिसऱ्या थरात. त्यानं तुम्हाला तो दाखवला, आणि तुम्ही वाकून नीट पाहिलात. मला तर तिथले सगळेच दगड दगडासारखे दिसत होते.

त्याच दिवशी वॉल्टरनं अभिमानानं आणखी एक गोष्ट सांगितली. उत्तरेच्या भिंतीच्या दगडांमधल्या सगळ्या दरजा त्याच्या वडिलांनी एका उन्हाळ्यात सिमेंटनं भरल्या होत्या. एकट्यानं, पोरवयातला वॉल्टर फक्त बादल्या द्यायला. "बघा," तो म्हणाला, "अजून एक टवका उडालेला नाही."

तुम्ही "हं" म्हणालात. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, "सिमेंटचा टवका उडत नाही, हेच दुखणं आहे."

नाना, तिथून पुढचे शनिवार हा माझ्या या देशातल्या अठरा वर्षांतला सगळ्यात चांगला काळ होता. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. उलट कुरकुरच केली. जायला दीड तास, यायला दीड तास, आठवड्याची ग्रोसरी राहून जायची, आणि तुम्ही शेजारी बसून प्रत्येक वळणाला "हॉर्न दे" म्हणायचात. या देशात हॉर्न देत नाहीत, हे तुम्ही शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत.

पण तिथे गेलं की तुम्ही शिकवायचात. मी सॉफ्टवेअरवाली, मला वीट आणि दगड यात फरक एवढाच माहीत की एक लाल असते. तुम्ही मला दारासमोर उभं केलंत. दार एकदम समोर येत नाही, कमानीच्या आत कमान, तिच्या आत आणखी एक, अशा तीन पायऱ्यांनी आत जातं. तुम्ही म्हणालात, भिंत किती जाड आहे ते इथे उघड दिसतं, आणि जाडी लपवायच्या ऐवजी त्यांनी तिचीच शोभा केली. मी वाचून तुम्हाला सांगितलं, की या शैलीला रोमनेस्क म्हणतात, युरोपात टोकदार कमानी यायच्या आधीची, हजार वर्षांपूर्वीची. या शेतकऱ्यांनी ती आठवणीतून आणि छापील चित्रांतून पुन्हा बांधली. तुम्ही विचार करून म्हणालात, "म्हणजे नाव रोमचं, आठवण जर्मनीची आणि दगड मक्याच्या शेतातला. मग हे इथलंच की."

आत गेल्यावर पूर्वेला अर्धगोल भिंत आहे, तिथे त्यांची वेदी. तुम्ही तिला गाभारा म्हणायचात आणि वॉल्टरलाही तो शब्द शिकवलात. तो "गाब्रा" म्हणायचा. खांबांच्या माथ्यावर पानांची नक्षी आहे, पण एका खांबावर पानांऐवजी मक्याची कणसं कोरलीत, सोललेली, दाणे मोजता येतील अशी. तो तुमचा आवडता खांब. "या कारागिरानं पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर पाहिलं," तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या हेमाडपंती देवळांशी तुम्ही सारखी तुलना करायचात. तिकडे कमान नाही, चुना नाही, दगडात दगड अडकवलेला. इथे ओबडधोबड धोंडे, सगळा भार चुन्यावर. "म्हणून चुना सांभाळायचा," तुम्ही म्हणायचात. "दगडाला काही होत नाही."

उत्तरेच्या भिंतीला पोट आलं होतं. तुम्ही साताऱ्याहून आणलेला पितळी ओळंबा सोडून मला दाखवलंत. वरून सोडलेली दोरी मध्यावर भिंतीला टेकत होती आणि खाली चार बोटं लांब राहत होती. भिंत श्वास घेते, हे मी तुमच्याकडून ऐकलं. चुना पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडून देतो. सिमेंट सोडत नाही. वरून झिरपलेलं पाणी आत कोंडतं, मिशिगनच्या थंडीत गोठून फुगतं, आतला जुना चुना भुगा होतो आणि भिंत आतून पोकळ होत जाते. बाहेरून सगळं सुबक, टणक. उत्तरेला ऊन नाही, म्हणून तिथे जास्त.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही त्या भिंतीतल्या भेगेवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्यात. खात्यात हेच करायचात ना. भिंत हलत नसेल तर काच तशीच राहते, हलली तर तडकते. आपण दर शनिवारी जाऊन काचा बघायचो. आणि आमच्या पाठच्या अंगणात तुम्ही प्लॅस्टिकच्या टबात चुना भिजवून ठेवलात. बैलाच्या घाणीत मळलेला चुना आठवून हळहळायचात. गूळ आणि मेथीचं पाणी घालून बघू म्हणालात, तेव्हा मी इंडियन स्टोअरमधून ढेप आणून दिली. ईरा टबात डोकावून म्हणाली, "नाना, इज दॅट फूड?" तुम्ही म्हणालात, "येस. फॉर वॉल."

मार्चमध्ये एक काच तडकलेली सापडली. पुढच्या शनिवारी दुसरी.

चर्चच्या वरिष्ठ कार्यालयातून त्याच सुमारास पत्र आलं होतं. भिंतीचं काय ते एका वर्षात ठरवा, नाहीतर इमारत बंद करून प्रार्थनेला शेजारच्या गावी जा. वॉल्टरच्या मनात होतं, की बाहेरून सिमेंटचा आणखी एक जाड थर द्यावा. त्यानं तुम्हाला तुमचं मत कागदावर लिहून द्यायला सांगितलं.

आपलं भांडण तिथे झालं, परतीच्या वाटेवर. मी म्हटलं, "नाना, सिमेंट काढायला लिहा. पण ते त्याच्या वडिलांनी भरलं म्हणून भिंत गेली, हे कशाला? 'नंतरची दुरुस्ती' असं मोघम लिहा की."

"त्याला माहीत आहे कुणी भरलं. मोघम लिहिलं तर तो सिमेंट काढू देणार नाही. बापाचं काम म्हणून जपेल."

"तो ब्याऐंशी वर्षांचा आहे. आता हे ऐकून त्याचं काय भलं होणार आहे?"

"भलं भिंतीचं होईल."

"आणि माणसाचं?"

तुम्ही सीटबेल्ट सैल केलात. मग म्हणालात, "मेधा, मोठ्या माणसाला लहान मुलासारखं वागवू नये. त्याची भिंत आहे. त्याला कळलं पाहिजे."

मी म्हटलं, तुम्ही कठोर आहात. तुम्ही म्हणालात, असेन.

जूनच्या पहिल्या शनिवारी तुम्ही त्याला सांगितलंत. मी शेजारी उभी होते. तुम्ही कागद दिला नाहीत, आधी तोंडानं सांगितलंत. "वॉल्टर, तुमच्या वडिलांचा हात चांगला होता. इतक्या सरळ दरजा मी कमी पाहिल्यात. त्या काळी सगळे हेच करत होते, आमच्याकडेसुद्धा. मी स्वतः केलंय. पण हेच सिमेंट भिंतीला मारतंय."

वॉल्टर भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी बादल्या दिल्यात त्यांना."

"हो. तुम्ही सांगितलं होतं."

"मिस्टर नाना, आज एवढं पुरे." त्यानं चर्चचं दार ओढून कुलूप लावलं आणि ट्रकमध्ये बसून निघून गेला. आपण थर्मासमधला चहासुद्धा न पिता परत आलो. पुढचा शनिवार दार बंद. त्याच्या पुढचाही. तुम्ही मात्र जायला सांगायचात. आपण गाडीत बसून बाहेरून भिंत बघायचो आणि परत यायचो. तिसऱ्या खेपेला मी बोलले, "मिळालं समाधान?" ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. राहून गेलं.

चार आठवड्यांनी त्याचा फोन आला. "मिस्टर नाना शनिवारी येणार आहेत का?" एवढंच. आपण गेलो तेव्हा दार उघडं होतं. त्यानं तुमचा कागद मागितला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. पुढे परवानाधारक इंजिनिअर आली, तिनं दोन ठिकाणी सिमेंट फोडून आत हात घातला, मूठभर भुगा बाहेर काढला आणि तुमच्या नोंदींवर सही केली. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळाला. थंडीत चुना लावायचा नाही, म्हणून काम पुढच्या मे महिन्यात ठरलं. त्या दिवशी तुम्ही चर्चच्या तळघरातल्या जेवणात तो जेलीसारखा थरथरणारा हिरवा गोड पदार्थसुद्धा खाल्लात आणि मला मराठीत म्हणालात, "हा कशाचा आहे ते विचारू नकोस."

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

ऑगस्टमध्ये तुमचं पोट दुखायला लागलं. वजन उतरलं. स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी तुम्हालाच विचारलं होतं, रिपोर्ट तुम्हाला सांगू की घरच्यांना. तुम्ही सवयीनं निखिलकडे बोट केलंत. आम्ही दोघं आत गेलो. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, पसरलेला. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत वेळ असावा, पण या आजारात काही सांगता येत नाही. पार्किंगमध्ये निखिल म्हणाला, "बाबांना सांगून काय अचीव्ह होणार आहे? दिवाळी होऊ दे. मग बघू." मी हो म्हटलं. तो रडत होता, आणि मला वाटलं, इतकं तर आपण करू शकतो.

सप्टेंबरमधल्या शनिवारी आपण त्याच सरळ रस्त्यावर होतो. मका उभा होता. तुम्ही म्हणालात, "निखिल मला सांगायचा नाही. तो लहानपणापासून वाईट निकाल दप्तरात लपवतो. म्हणून तुला विचारतो. काय आहे?"

मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "सूज आहे नाना. औषधानं उतरेल."

"बरं," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळानं म्हणालात, "पुढे ट्रॅक्टर आहे, हळू घे."

पुन्हा कधी विचारलं नाहीत. त्या दिवशी चर्चमध्ये तुम्ही मला काम सांगितलं नाहीत, मी खांबापाशी बसून फोन बघत होते. तुम्ही एकटेच भिंतीच्या कडेनं चालत होतात. तुम्हाला कळलं होतं का? की माझ्यावर विश्वास ठेवलात? मी एकवीस दिवस यावर विचार करतेय आणि दोन्हींतलं मला काय हवंय, तेही कळत नाही. कळलं असेल, तर माझ्या तोंडावरचं खोटं तुम्ही पाहिलंत. विश्वास ठेवला असेल, तर ते आणखी वाईट.

ऑक्टोबरच्या त्या मंगळवारी ऊन होतं. तुम्ही गॅरेजच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसला होतात. मी वर मीटिंगमध्ये होते. अकराला चहा घेऊन खाली आले, तेव्हा तुमची मान एका बाजूला कलली होती. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असं नंतर सांगितलं. मी चहा वर्कबेंचवर ठेवला, नाइन वन वनला फोन केला, पत्ता सांगितला, स्पेलिंग सांगितलं. तिकडच्या बाईनं सांगितलं तसं तुम्हाला खाली घेतलं आणि छातीवर दाब देत राहिले. ती फोनवर मोजत होती, मीही तिच्याबरोबर मोजत होते. हे सगळं मी केलं आणि मला नीट आठवतं, पण ते करणारी बाई मी होते असं वाटत नाही.

इथे चितेला अग्नी देत नाहीत, बटण दाबतात. निखिलचा हात पुढे जाईना, म्हणून ईरानं त्याच्या हातावर आपला हात ठेवला. मंडळातल्या काकू, मावश्या रोज डबे घेऊन आल्या. तिघी-चौघींनी तरी मला सांगितलं, "कळलं नाही तेच बरं झालं. झोपेत गेल्यासारखे गेले." मी मान हलवायची. दिवाळी आली आणि गेली.

रविवारी मी वॉल्टरला समक्ष सांगायला गेले होते. त्याला फोनवर सांगितलं होतं, पण जावंसं वाटलं. प्रार्थना संपल्यावर तो पुढे आला. त्याला बोलायची सवय नाही, टोपी हातात फिरवत उभा राहिला. म्हणाला, "मे महिन्यात उत्तरेच्या भिंतीचं काम सुरू होईल. तुमच्यापैकी काहींना वाटतंय, की माझ्या वडिलांचं काम तसंच ठेवावं, माझ्यासाठी. ठेवू नका. ते चुकलं होतं. मीही बादल्या दिल्या होत्या. पहिली दरज मी फोडणार आहे." मग थांबून म्हणाला, "हे मला मिस्टर नानांनी सांगितलं. ते गेले." आणि जाऊन बाकावर बसला. पेटीवाल्या बाईंनी थोड्या वेळानं पुढचं गाणं धरलं.

लोक जेवायला तळघरात गेले. वॉल्टर आणि मी भिंतीपाशी आलो. तिथे वारा बोचत होता. मी त्याला सांगितलं. स्कॅनचं, रस्त्याचं, सुजेचं. मला ते इंग्रजीत सांगणं सोपं गेलं. शेवटी विचारलं, "त्यांना माहीत असेल का?"

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, तो म्हणेल की असेल, किंवा तू चांगल्या मनानं केलंस. पण तो म्हणाला, "जूनमध्ये चार आठवडे मी त्यांच्यावर रागावलो होतो. घरी कुणाशी बोललो नाही. रोज बापाच्या थडग्यापाशी जाऊन बसायचो. तोवर त्याच्याशी असं कधी बोललो नव्हतो मी. वाईट होते ते चार आठवडे. पण माझे होते. मी ते कुणाला देणार नाही."

त्यानं हे मला दुखवायला म्हणून सांगितलं नाही, हे मला कळतं. पण नाना, तुमचे चार आठवडे मी घेतले. रागवायचे, घाबरायचे, सासूबाईंच्या फोटोशी बोलायचे, साताऱ्याला जायचा हट्ट धरायचे, नाहीतर नुसतंच भिंतीशी बसायचे. त्यात तुम्ही काय केलं असतंत ते मला माहीत नाही. माझा काही हक्क नव्हता. तुमच्याशी वाद घालताना मी माणसाच्या बाजूनं बोलतेय असं मला वाटत होतं. मी माझ्या सोयीच्या बाजूनं बोलत होते, तेव्हाही आणि सप्टेंबरमध्येही.

घरी आल्यावर निखिलला म्हटलं, "मी आता लोकांना मान हलवणार नाही." त्याला आधी समजलं नाही. समजल्यावर तो म्हणाला, "मग मला वाईट ठरवणार तू सगळ्यांपुढे." मी म्हटलं, "तुझं नाव घेणार नाही. मला विचारलं होतं त्यांनी. उत्तर मी दिलं." तो उठून वर गेला. अजून आमचं त्यावर बोलणं झालेलं नाही. होईल.

संध्याकाळी साताऱ्याहून अक्काआत्यांचा फोन आला. त्यांच्याकडे पहाट होती. त्या तुमच्यासारख्याच चारला उठून बसतात. तुमची एकच बहीण राहिली आता. आधी ईराची चौकशी केली, मग इथल्या थंडीची. मग म्हणाल्या, "मेधा, नानाला काही कळलं नव्हतं ना गं? तेवढं एक बरं झालं बघ."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. म्हटलं, "आत्या, आम्ही त्यांना सांगितलं नाही. त्यांनी मला सरळ विचारलं होतं. मी खोटं बोलले."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. त्या रडत होत्या, आवाज न करता, आणि मी फोन कानाला लावून बसून राहिले. काही समजावलं नाही, माफी मागितली नाही. दोघींनी तो फोन चालू ठेवला. बाहेर काळोख पडला तसा जिन्यातला दिवा आपोआप लागला.

"जेवलीस का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग ऊठ. भात टाक," आत्या म्हणाल्या. "मी आहे फोनवर."